जत्रेत, कॉलेज फेस्टमध्ये, एअर शोमध्ये फायटर सिम्युलेटरचा स्टॉल लावताय? मग हा क्रम पाळा

साताऱ्यात आता सायन्स एक्झिबिशन असो, कॉलेजचा टेक फेस्ट असो की एरोमॉडेलिंगचा शो असो, फायटर विमानाच्या सिम्युलेटरचा एक तरी स्टॉल असतोच आणि गर्दीही सगळ्यात जास्त तिथंच असते. पण बहुतेक ठिकाणी तेच होतं, पोरगं तासभर रांगेत उभं राहतं, सीटवर बसतं, दोन मिनिटं त्याला कुठलं बटण कशाचं ते सांगण्यात जातात, मग तीस सेकंदात विमान जमिनीत, आणि "चला, नेक्स्ट". ते पोरगं काय घेऊन गेलं घरी? काहीच नाही.

ही चूक कॉम्प्युटरची नसते, क्रमाची असते. लोक आधी महागडी जॉयस्टिक आणतात आणि शिकवायचं कुठं, कधी, कोणी हे शेवटच्या दिवशी बघतात. माझं म्हणणं एवढंच की शिकवायचं ते सगळं रांगेत, सीट फक्त उडवायला. खालचं सगळं त्याच हिशोबानं लिहिलंय, क्रम बदलू नका.

## १. आधी माणसं मोजा, मग सामान

एका माणसाला उडवायला ४ मिनिटं द्या, त्याच्या आत मजा नाही आणि त्याच्यापेक्षा जास्त दिली तर रांग तुटते. उतरणं, पुसणं, दुसऱ्याला बसवणं, मिशन परत चालू करणं याला २ मिनिटं जातातच, कितीही घाई करा. म्हणजे एका सीटवर तासाला १० जण. दोन सीट, पाच तास, झाले १०० जण. बास, एवढेच. तुम्ही तीनशे कुपनं विकली तर संध्याकाळी भांडणं होणारच, आणि मग कार्यकर्ते वेळ दोन मिनिटांवर आणतात की सगळाच विचका.

टोकनवर अंदाजे वेळ लिहून द्या, "साडेपाच ते सहा" असं. लोक फिरून येतात, गर्दी स्टॉलला चिकटून राहत नाही. आणि टोकनचा अजून एक मोठा फायदा, ज्याकडे कोणी बघत नाही: नुसती रांग असली की दांडगी पोरं पुढं घुसतात आणि मुली, वयस्कर काका-मावश्या मागून बघून निघून जातात. टोकन असलं की त्यांचा नंबर त्यांचाच राहतो.

माणसं किती लागतात? प्रत्येक सीटला एक, रांगेत शिकवायला एक, टोकनला एक. दोन सीटला चार जण आणि जेवायला-चहाला सोडवायला पाचवा. सीटवरचा माणूस सलग दोन तासांच्या वर ठेवू नका, त्याचा घसा बसतो आणि मग तो खेकसायला लागतो.

लायसन्स बघा: बहुतेक सिम्युलेटरचं साधं लायसन्स घरच्या वैयक्तिक वापरासाठी असतं. तिकीट लावून पैसे घेणार असाल तर आधी कंपनीला मेल टाकून परवानगी विचारा. हे नको असेल तर फ्लाइटगिअर हे सिम्युलेटर घ्या, ते जीपीएल लायसन्सवर आहे (म्हणजे कुणीही, कुठंही वापरावं असं मोकळं), फुकट आहे आणि त्यात फायटर विमानंही आहेत.

## २. कॉम्प्युटर घरीच तयार करायचा, मैदानावर नाही

डीसीएस वर्ल्ड हे फायटर विमानांचं सिम्युलेटर वापरणार असाल तर (बहुतेक जण तेच वापरतात) ते आठवडाभर आधी घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, शंभर जीबीच्या आसपास सहज जातं, मैदानावर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ते होत नाही. एसएसडीवरच टाका. रॅम ३२ जीबी असेल तर निवांत, १६ वर चालतं पण मॅप लोड व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ तुमच्या दोन मिनिटांतून जातो.

मग हे करा, याच क्रमानं:

1. गेमचं अपडेट घ्या आणि त्यानंतर शो संपेपर्यंत परत अपडेट करू नका. अपडेटनं कधीकधी सेटिंग हलतात.
2. विंडोजचं अपडेट पुढं ढकला, नोटिफिकेशन बंद, स्क्रीन झोपायला जाणं बंद, स्क्रीनसेव्हर बंद.
3. यूएसबीची पॉवर सेव्हिंग बंद करा. हे राहिलं की चालू उड्डाणात जॉयस्टिक दोन सेकंद मेल्यासारखी होते आणि लोकांना वाटतं आपलंच चुकलं.
4. ग्राफिक्स खाली आणा. ढगांचं, सावलीचं सौंदर्य चार मिनिटांत कोणी बघत नाही, पण फ्रेम अडखळली की लगेच जाणवतं आणि डोकं गरगरतं. सेकंदाला ६० फ्रेमवर लॉक करा आणि ते सलग टिकतात का बघा.
5. आता इंटरनेट काढून टाका आणि कॉम्प्युटर पूर्ण बंद करून परत चालू करा. गेम नेटशिवाय उघडतो का? लॉगिन मागतो का? ही टेस्ट घरी झालीच पाहिजे.

तपासा: सलग दोन तास मिशन चालू ठेवून सोडा. सीपीयू, ग्राफिक्स कार्ड किती तापतंय बघा. घरातल्या पंख्याखाली ठीक असलेली मशीन एप्रिलमध्ये पत्र्याच्या मंडपात ठीक राहीलच असं नाही.

## ३. जॉयस्टिक: इथं सगळ्यात जास्त जण अडकतात

स्टॉलला फार महाग काही नको. थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम किंवा तसली मधली जॉयस्टिक पुष्कळ झाली. पायातले रडर पेडल (विमानाचं नाक डावं-उजवं करणारे) आणू नका, लहान पोरांचे पाय पोचत नाहीत आणि मोठे घाबरून दोन्ही पाय दाबून धरतात. स्टिक पिळून रडर फिरतो तोही सेटिंगमधून काढून टाका, नवख्या माणसाचा हात पिळला जातोच आणि विमान वाकडं चालायला लागतं.

आधी विंडोजमध्ये कॅलिब्रेशन (स्टिकचा मधला पॉइंट आणि टोकं नीट बसवणं), मग गेममध्ये ॲक्सिस, म्हणजे स्टिकची कुठली हालचाल विमानाचं काय हलवते ते. आणि आता नीट वाचा. डीसीएस नवीन डिव्हाइस दिसलं की त्याला आपणहून ॲक्सिस लावून टाकतो, म्हणजे स्टिकलाही पिच (नाक वर-खाली) आणि थ्रॉटललाही (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) पिच असं होऊन बसतं. मग विमान आपोआप नाक खाली घालतं आणि लोक दिवसभर स्टिक बदलत बसतात. ॲक्सिसच्या यादीत जाऊन प्रत्येक ओळीला एकच डिव्हाइस आहे ना बघा, बाकीचं सगळं पुसा.

त्यानंतर पिच आणि रोलला (डावी-उजवीकडं कलणं) डेडझोन ३ ते ५, म्हणजे मधल्या बारीक थरथरीनं विमान हलत नाही, आणि कर्व्ह २० ते २५ ठेवा, म्हणजे मधोमध स्टिक मऊ चालते. आणि पिचला सॅच्युरेशन वाय (एक्स नाही) १०० वरून ७० वर आणा. याचा अर्थ पोरानं स्टिक पोटापर्यंत खेचली तरी विमानाला ७० टक्केच पोचतं. नवखा माणूस टार्गेट दिसलं की स्टिक जोरात ओढतो आणि धरूनच ठेवतो, त्यानं स्पीड गळतो, पंखांची उचल जाऊन विमान खाली पडायला लागतं आणि खेळ संपतो. एवढ्या एका आकड्यानं बरेच अपघात कमी होतात, आणि त्याला कळतही नाही की त्याला मदत झाली, त्यामुळं मजा तशीच राहते.

बटणं: ट्रिगर ठेवा. बाकी सगळी मोकळी करा. कीबोर्ड समोरून उचलून कार्यकर्त्याच्या हातात द्या. लेफ्ट कंट्रोल आणि ई तीनदा दाबलं की पायलट इजेक्ट होतो, आणि समोर कीबोर्ड असला की काहीही दाबून बघणारं पोरगं प्रत्येक रांगेत असतंच.

सावधान: यूएसबीचं पोर्ट बदललं की गेम कधीकधी ती जॉयस्टिक नवीन समजतो आणि सगळं सेटिंग गायब. घरी ज्या पोर्टला जे लावलं त्यावर रंगीत टेप मारा, वायरीवर त्याच रंगाची टेप मारा. सेटिंगची फाईल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

## ४. मिशन: सोपं, छोटं, आणि हवेतच सुरू

टेकऑफ नको, लँडिंग तर नकोच. विमान हवेत, ३००० मीटरवर, साधारण ६५० किलोमीटरच्या स्पीडनं सरळ चाललंय, समोर दोन-तीन किलोमीटरवर एक मोठं मालवाहू विमान सरळ रेषेत आपल्याहून हळू चाललंय, मागून जायचं आणि गननं पाडायचं. संपलं मिशन. मिसाईल नको, त्याला रडार, लॉक, मोड हे सगळं समजवावं लागतं.

कुठलं विमान? फुकटात दोन मिळतात, एसयू-२५टी आणि टीएफ-५१डी. टीएफ-५१डीला गनच नाही, हे स्टॉल उभा राहिल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळू दे. एसयू-२५टी हे जमिनीवरच्या टार्गेटसाठी बनलेलं विमान आहे, जड आहे, त्यानं ट्रकांची रांग उडवायला द्या, पोरं खूश होतात. विकत घ्यायची तयारी असेल तर माझी पसंती मिग-२९. ते आपल्या हवाई दलात आहे त्यामुळं लोकांना ओळखीचं वाटतं, आणि डीसीएसमधलं फ्लेमिंग क्लिफ्सवालं (सोप्या केलेल्या विमानांचा संच) मिग-२९ चालवायला सोपं आहे.

मिग-२१ सगळे मागतात. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला तेव्हापासून तर जास्तच. पण त्याचे त्रिकोणी पंख जोरात वळलं की स्पीड भराभर खातात, नवख्याच्या हातात ते टिकत नाही. ते एखाद्या अनुभवी पोरानं दिवसातून एकदा डेमोसाठी उडवावं आणि बाकीच्यांनी मोठ्या स्क्रीनवर बघावं. राफेल आणि तेजसचं डीसीएसमध्ये अधिकृत मॉड्यूल (विकत मिळणारं विमान) नाही, बोर्डावर त्यांचे फोटो लावून लोकांना फसवू नका.

मिशन एडिटरमध्ये या गोष्टी सक्तीच्या करून ठेवा:

- इममॉर्टल चालू, म्हणजे धडक बसली तरी खेळ चालू राहतो
- अनलिमिटेड फ्युएल आणि अनलिमिटेड वेपन्स. मिग-२९ च्या गनला फक्त १५० गोळ्या असतात आणि ती मिनिटाला पंधराशेच्या वेगानं सोडते, ट्रिगर दाबून धरला तर सहा सेकंदात खडखडाट
- जी-इफेक्ट बंद, नाहीतर जोरात ओढलं की स्क्रीन काळी होते आणि लोकांना वाटतं लाईट गेली
- हवामान स्वच्छ, दुपारची वेळ, वारा शून्य

टार्गेटवर कुठल्याही देशाचा झेंडा नको. साताऱ्यात प्रेक्षकांत कितीतरी जणांच्या घरातलं कोणीतरी फौजेत आहे किंवा होतं, अपशिंगे मिलिटरीसारखं गाव इथनं हाकेच्या अंतरावर. त्यांच्यासमोर घोषणाबाजी आणि टिंगल होऊ देऊ नका, इथं उडवायला शिकवायचंय.

तपासा: घरातल्या तीन अशा माणसांना बसवा ज्यांनी कधी गेम खेळली नाही. आईला बसवा, शेजारच्या काकांना बसवा. तिघांपैकी दोघांनी चार मिनिटांत टार्गेटला एक तरी गोळी लावली पाहिजे. नाही लागली तर टार्गेट अजून मोठं आणि अजून हळू करा.

## ५. जागा आणि लाईट

जिल्हा परिषदेच्या मैदानावर किंवा गांधी मैदानावर स्टॉल असेल तर आधी एकदा संध्याकाळी पाच वाजता तिथं जाऊन उभं राहा. पश्चिमेकडनं, यवतेश्वराच्या डोंगराच्या बाजूनं तिरपं ऊन येतं ते थेट स्क्रीनवर पडतं का बघा. स्क्रीनची पाठ पश्चिमेला असली की ऊन तिच्यावर पडत नाही, पण तेच ऊन बसणाऱ्याच्या डोळ्यात जातं, म्हणून मागं काळं कापड लावावंच लागतं. तीन बाजूंनी कापड, वरती पक्कं छत. एप्रिल-मे असेल तर वळीव धरूनच चाला, ताडपत्री स्टॉलमध्येच ठेवा, गोडाऊनमध्ये नाही. कॉम्प्युटर जमिनीवर ठेवू नका, धूळ आणि पाणी दोन्ही खालूनच येतं.

खुर्ची चाकांची नको. चाकाची खुर्ची स्टिक ओढली की मागं सरकते. साधी पक्की चार पायांची खुर्ची, आणि स्टिक टेबलाला क्लॅम्पनं आवळलेली.

आता लाईट. गेमिंग कॉम्प्युटर आणि स्क्रीन मिळून एका सीटला ४००-५०० वॅट धरा. घरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, तो लोड आला की टूं करून बंद पडतो आणि सोबत कॉम्प्युटरही. एका सीटला किमान १ केव्हीए, दोन्हीला मिळून २ केव्हीए घ्या. जनरेटर असला तरी यूपीएस मध्ये हवाच, जनरेटरचा करंट वरखाली होतो.

मंडपाच्या वायरमनला आधीच सांगा की आम्हाला वेगळी लाईन पाहिजे. ज्यूसच्या स्टॉलचा मिक्सर आणि तुमचा कॉम्प्युटर एका बोर्डवर आला की प्रत्येक ग्लासाला तुमची स्क्रीन फडफडणार. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आणि अर्थिंग आहे का ते स्वतः बघा, "आहे आहे" वर विश्वास ठेवू नका, इथं लहान मुलं धातूच्या टेबलाला हात लावून बसणार आहेत. वायरी मॅटखालून न्या आणि टेप मारा. आग विझवायचं सिलेंडर सीओटू किंवा एबीसी पावडरचं, हाताशी.

आणि एक स्क्रीन गर्दीकडं तोंड करून. ही विसरू नका. रांगेतली माणसं ह्याच स्क्रीनकडे बघून निम्मं शिकतात. आवाजाचा स्पीकर मध्यम ठेवा, रात्री दहानंतर तर बंदच करावा लागतो.

## ६. रांगेतलं शिकवणं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. रांगेच्या शेवटच्या टोकाला नाही, सीटच्या आधीच्या चार-पाच माणसांजवळ एक टेबल लावा. त्यावर एक जुनी, बंद पडलेली जॉयस्टिक आणि एक हातात मावेल असं विमानाचं मॉडेल. शिकवणारा चार जणांना एकदम सांगतो, दोन मिनिटांत.

तीनच गोष्टी सांगायच्या:

पहिली, स्टिक स्वतःकडं ओढली की नाक वर, पुढं ढकलली की नाक खाली. मोबाईल गेमवाल्या पोरांना हे नेमकं उलटं वाटतं, त्यामुळं प्रत्येकाच्या हातात बंद स्टिक देऊन विचारा, "दादा, वर जायचंय, काय करशील?" चुकला तर परत.

दुसरी, विमान गाडीच्या स्टेअरिंगसारखं वळत नाही. यवतेश्वरच्या घाटात बाईक वळवताना आधी कलती करता ना, तसंच, आधी स्टिक आडवी करून विमान कलवायचं, मग हळू ओढायचं. हे करताना मॉडेल हातात धरून दाखवा, तोंडी सांगून डोक्यात जात नाही.

तिसरी, पकड. मुठीत आवळायची नाही. मनगट टेबलावर टेकवा, अंगठा आणि दोन बोटांनी धरा आणि स्टिक बोटभरच हलवा. नवख्या माणसाचं बघा, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत आवळलेलं असतं, विमान डावीकडं गेलं की जोरात उजवीकडं, मग परत जोरात डावीकडं, आणि हे झोके वाढतच जातात. त्यावर उपाय एकच, हात सैल सोडा, विमान आपोआप थोडं स्थिर होतं.

इथंच विचारा: फिट येण्याचा त्रास आहे का, गरोदर आहात का, आत्ताच भरपेट खाल्लंय का. हो म्हणाले तर बसवू नका, बाजूला खुर्ची देऊन बघू द्या. हे सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारू नका, बोर्डावर लिहा आणि जवळ जाऊन हळू विचारा.

## ७. सीटवरची चार मिनिटं

1. बसवा, मनगट टेकवा, विमान पॉज करूनच ठेवलेलं असू दे. नाव विचारा, नावानं बोला.
2. पहिला एक मिनिट नुसतं उडवू द्या. डावीकडं कलवा, सरळ करा, उजवीकडं कलवा, सरळ करा. टार्गेटचं नाव काढू नका.
3. मग टार्गेट. "काका, तो ठिपका दिसतोय? त्याला मधोमध आणा." बरोबर शेपटीमागं आलं की गन थेट मधोमध धरली तरी लागते, बाजूनं गेलं तर पुढं नेम धरावा लागतो, म्हणून मागंच ठेवा.
4. अर्धा किलोमीटरच्या आत आलं की "आता". आधी ट्रिगर दाबत असेल तर थांबवा.
5. तीन मिनिटं तीस सेकंद झाले की सांगा, "शेवटचा अर्धा मिनिट". अचानक बंद केलं की पोरं नाराज होतात.

स्टिकवर तुमचा हात ठेवू नका. माणूस आपटत असेल तर तोंडानं सांगा, "हात सैल सोडा, आता हळू ओढा". हातातनं काढून घेतलं की त्यानं उडवलं असं होत नाही, आणि मागं बघणाऱ्या त्याच्या पोरांसमोर तर अजिबात करू नका.

व्हीआर हेडसेट? माझं मत, गर्दीच्या स्टॉलवर नको. डोळे म्हणतात वळतोय, कानातला तोल म्हणतो बसलोय, आणि त्यातनं मळमळतं. शिवाय प्रत्येकाचा घाम त्या फोमला लागतो. लावायचाच असेल तर एकच सीट, बदलता येणारं कव्हर, दर माणसाला पुसणं, आणि वेळ दोन मिनिटं. मेटाच्या क्वेस्टला कंपनीचीच किमान १० वर्षं वयाची अट आहे, ती पाळा.

गरगरलं तर: खेळ लगेच पॉज. "अजून थोडंच राहिलंय" म्हणायचं नाही. स्क्रीनवरनं नजर काढून लांबचं काहीतरी स्थिर बघायला सांगा, अजिंक्यतारा दिसत असेल तर तोच. हळू उठवा, सावलीत बसवा, पाणी द्या. एक पिशवी आणि टिश्यू सीटखाली कायम.

## ८. उतरवणं आणि पुढचा माणूस

उतरताना एक वाक्य त्याच्याबद्दल सांगा, खरं. "तुमचं वळण छान होतं, नेम थोडा लवकर धरला." मग स्टिक आणि हेडफोन पुसा, मिशन रिस्टार्ट करा (डीसीएसमध्ये लेफ्ट शिफ्ट आणि आर), पॉज करा, मग पुढच्याला बोलवा. पुढचा बसल्यावर रिस्टार्ट करत बसलात की तुमची दोन मिनिटं चार होतात.

उतरलेली पोरं-पोरी विचारतातच, "खरं पायलट कसं व्हायचं?" त्यासाठी बाजूला एक साधा बोर्ड लावा: बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, मग एनडीए, किंवा डिग्रीनंतर एएफसीएटी (हवाई दलाची प्रवेश परीक्षा). साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ पासून आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण एनडीएत मुलींची पहिली बॅच २०२२ ला दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये पास आऊट झाली हे बऱ्याच पालकांना अजून माहीत नाही. ते मोठ्या अक्षरात लिहा.

## ९. रात्री बंद करताना

कॉम्प्युटर रीतसर शटडाऊन करा, यूपीएस त्यानंतर, मेन सगळ्यात शेवटी. गरम मशीनवर लगेच ताडपत्री टाकू नका, पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. दुसरा दिवस असेल तर फिल्टरची धूळ ब्रशनं काढा, स्टिकचं कॅलिब्रेशन परत बघा (दिवसभराच्या ओढाताणीनं मधला पॉइंट सरकलेला असतो), क्लॅम्प आवळा, आणि त्या दिवशी लोक नेमके कुठं अडले ते शिकवणाऱ्या माणसाकडून एका कागदावर लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याप्रमाणं टार्गेटचा स्पीड किंवा सॅच्युरेशन बदला आणि मगच पहिलं टोकन द्या.